पेयांच्या कॅनसाठी आयएसआय चिन्ह: आधी मॅन्युअल वाचा

पेयांसाठी ॲल्युमिनियमचे कॅन बनवणाऱ्याचा भारतीय मानक ब्यूरोकडील (आयएसआय चिन्हाच्या परवान्यासाठीचा) अर्ज चुकीच्या नमुन्यांमुळे विनाकारण रखडू शकतो.

१. आयएस १४४०७ हे मानक आणि त्याचे प्रॉडक्ट मॅन्युअल (नमुने व चाचण्यांविषयीची ब्यूरोची मार्गदर्शक पुस्तिका) ब्यूरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्यावे, आणि कोणत्या प्रकारांचा एक गट धरला जातो व त्यातला कोणता नमुना तपासणीस द्यावा लागतो, हे पाहूनच मानक ऑनलाइन या ब्यूरोच्या पोर्टलवर अर्ज भरावा.
२. निवडलेल्या प्रयोगशाळेला सर्व चाचण्यांची मान्यता आहे ना, हे आधी पडताळावे. एक चाचणी राहिली तरी नमुना पुन्हा पाठवावा लागू शकतो.
३. मायक्रोमीटर, दाबमापक यांची कॅलिब्रेशन (मापनाच्या अचूकतेची तपासणी) प्रमाणपत्रे हाताशी ठेवावीत.

परवाना हाती येण्यापूर्वी मात्र चिन्ह मुळीच छापू नये, कारण कॅनवर छपाई थेट धातूवर होते आणि सीएम/एल क्रमांकाशिवाय (म्हणजे परवाना क्रमांकाशिवाय) छापलेला सगळा माल वाया जातो.