बाहुलीला आधी भूल द्या

आमच्या वॉर्डात रुजू झालेल्या नव्या सिस्टर हमखास विचारतात, "ऑपरेशन थिएटरच्या दारात पोरं आकांत करतात, तेव्हा काय करायचं?" दारात फारसं काही करता येत नाही. जे करायचं ते आदल्या संध्याकाळी.

सिंधुदुर्गातल्या आमच्या रुग्णालयात हर्निया, हायड्रोसील, टॉन्सिलसाठी मुलं येतात. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते, तिथून पाठवलेलीही बरीच असतात. सुरुवातीला मी त्यांच्या हाती मोबाईल द्यायचे. भूल चढेपर्यंत तो हातात राहिला तर उपयोगही होतो. पण एकदा दाराशीच तो काढून घ्यावा लागला. हिरवे कपडे, मास्क, अनोळखी माणसं, सगळं त्या पाच वर्षांच्या मुलाला एकदम दिसलं. चौघांनी धरून त्याला भूल द्यावी लागली. ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी जुन्या साडीच्या चिंध्यांची बाहुली शिवते. प्रत्येक मुलाला वेगळी, कारण एकाची दुसऱ्याला दिली तर जंतू जातात. तोंड कोरं ठेवते, डोळे-नाक मूलच काढतं. मग खराखुरा भुलीचा मास्क, बिनसुईची सिरिंज आणि चिकटपट्टी त्याच्या पुढ्यात ठेवते. डॉक्टर तो, मी मदतनीस. बोटाला लावायचा लाल दिव्याचा चिमटा मुलांना फार आवडतो. मास्कमध्ये फुंकायची सवय व्हावी म्हणून आधी जत्रेतलं भिरभिरं फुंकायला देते.

खेळताना तुम्ही कमी बोला आणि बघत राहा. एक मुलगी बाहुलीचे हात पुन्हा पुन्हा दोरीने बांधत होती. विचारलं तर म्हणाली, "हात बांधून सुई मारतत." चुलतभावांनी घाबरवलं होतं. मी तिला टेबल दाखवलं, हाताला पट्टी कशासाठी लावतात ते सांगितलं. मग तिने दोरी सोडली. नुसतं विचारून हे मला कधीच कळलं नसतं.

"दुखतला?" असं मूल विचारतंच. "नाय" म्हणू नका. "वायच दुखतला, मगे थांबतला," असं त्याच्याच बोलीत सांगा. "झोपवणार" हा शब्दही जपून वापरा. आजोबा झोपले ते उठलेच नाहीत, असं घरात ऐकलेली मुलं असतात. ही वेगळी झोप आहे, डॉक्टर शेजारी बसून राहतात आणि काम झालं की जागं करतात, हे बाहुलीवरच करून दाखवा. आई कुठल्या बाकावर बसणार तेही दाखवा.

सकाळी भातुकली नको. सहा तास उपाशी असलेल्या पोरासमोर खोटा भातही मांडू नये. आमिष म्हणून चॉकलेट तर मुळीच नको, पोटात काही असताना भूल देणं धोक्याचं असतं.

काही मुलं बाहुलीला हातही लावत नाहीत. मागे लागू नका. पण भूलतज्ज्ञांना रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे भुलीआधी शांत करणारं सिरप द्यायचं का, ते त्यांना वेळेत ठरवता येतं.