हंगामी फुलझाडे: बी कधी टाकायचे ते रात्रीच्या गारव्यावरून ठरवा

बियाण्याच्या पाकिटावर बऱ्याचदा ‘शेवटचे हिम पडून गेल्यावर पेरा’ असे छापलेले असते. जिथे हिम पडतच नाही, तिथल्या माणसाने या ओळीचे करायचे काय? बरेच जण तिचा अर्थ ‘उन्हाळा लागला की पेरा’ असा घेतात आणि पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स ऐन उकाड्यात लावून बसतात. रोपे उंच, लुकडी होतात, चार फुले देतात आणि करपतात. थंड मुलखात उन्हाळ्यात फुलणारी यातली बरीचशी झाडे आपल्याकडच्या उष्ण हवेत हिवाळ्यातच फुलवायची असतात.

खरी अडचण पुढेच आहे. पिटुनियाला बी टाकल्यापासून फुलायला दहा-बारा आठवडे लागतात. गारवा जाणवल्यावर बी टाकले, तर कळ्या धरेपर्यंत पुन्हा ऊन तापायला लागते. म्हणून गारव्याच्या चार ते सहा आठवडे आधी, पाऊस ओसरत असतानाच रोपे करायला घ्यावी लागतात, आणि तेव्हा तर उकाडा असतो. पॅन्सीचे बी 18 ते 20 अंशांला चांगले उगवते; पारा 30 च्या वर असेल तर त्याच्याकडून फारशी आशा ठेवू नका. बी टाकलेला ट्रे शेडनेटखाली, म्हणजे सावली देणाऱ्या जाळीखाली, सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. तेही जमत नसेल तर पॅन्सी उशिराच टाकलेली बरी.

पिटुनियाचे बी म्हणजे नुसती धूळ, एका ग्रॅममध्ये साधारण 10,000 दाणे. चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ते भुरभुरावे, वर माती टाकू नये. उगवायला उजेड लागतो. अँटिऱ्हिनमचेही तसेच. पॅन्सीचे बी मात्र मातीने झाकायचे. झारीने पाणी घातले की बारीक बी एका कडेला वाहून जाते, त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. वरची माती सतत ओली राहिली, तर आठवडाभरात रोपाचा देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. हीच ती मर. दाट पेरणी आणि कोंदट हवा ही तिची आवडती जागा. चार-सहा पाने आली की संध्याकाळी पुनर्लागवड करा, भर दुपारी नको.

लार्कस्पर आणि स्वीट पी यांना मुळे हलवलेली आवडत नाहीत. ती गारवा पडल्यावर थेट वाफ्यात पेरा. स्वीट पीचे बी रात्रभर भिजवून घ्या.

शेवंतीचे गणित वेगळे. तिला थंडीपेक्षा दिवसाची लांबी कळते. दिवस मोठे असतानाच छाटकलमे लावून, शेंडे खुडून झुडूप भरवून घ्यावे लागते. दिवस लहान झाले की ती कळ्या धरते. उशिरा लावलेली शेवंती वीतभर असतानाच फुलते. आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली कुंडी असेल तर ती फुलायचे लांबवते, मग खताला दोष देऊन उपयोग नाही.

झिनिया, बटण फूल, पोर्तुलाका ही उन्हाची मंडळी. जमीन तापली की पेरा, चिंता नको. झिनिया दोनेक महिन्यांत फुलते, म्हणून सगळे बी एकदम न टाकता तीन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे टाका. कोंबडा आणि तेरडा पावसाच्या सुरुवातीला. तेरड्याला पाणी आवडते, पण साचलेले नाही, त्यामुळे गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, हवाच.

जास्वंद, कण्हेर, तगर, मोगरा अशी झुडपे पहिले एक-दोन पाऊस जिरल्यावर, वाफसा आला की लावा. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा सहज फुटला पाहिजे. चिकट गोळाच राहिला तर दोन दिवस थांबा.

ट्युलिपच्या कंदांचा मोह अनेकांना होतो. त्यांना 12 ते 16 आठवडे गारठा लागतो, जो आपल्या जमिनीत मिळत नाही. फ्रिजमध्ये ठेवून लावता येतात, पण शेजारी सफरचंदे नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी खराब होते. एवढा खटाटोप करून फूल एकदाच येते. तोच वाफा ग्लॅडिओलसला दिलात तर गारव्यात लावलेले कंद अडीच-तीन महिन्यांत फुलतात, आणि फ्रिजही मोकळा राहतो.