तज्ज्ञ नको म्हणाले तरी बंदी आली, तर कागद कसे वाचायचे

बंदीची बातमी आली की आपण लगेच बरं झालं नाहीतर अन्याय झाला असं बोलून मोकळे होतो, मूळ कागद कुणी उघडतच नाही. मला हे फार खुपतं, म्हणून मी कसं वाचतो ते सांगतो. उदाहरण ब्रिटनचं घेऊ, 'खात' नावाच्या पाल्याचं.

येमेन, इथिओपिया, सोमालिया, केनिया या भागात लोक ही कोवळी पानं आणि देठं तासन् तास चघळतात, गालात तोबरा धरून गप्पा चालू, तरतरी येते, भूक आणि झोप दोन्ही पळतात. केनियात याला मिरा म्हणतात, मेरू भागातल्या शेतकऱ्यांचं हे नगदी पीक. पानं तोडली की त्यातलं तरतरी आणणारं द्रव्य, कॅथिनोन, दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं, म्हणून जुड्या केळीच्या पानात गुंडाळून विमानानं ताज्या ताज्या लंडनला जायच्या, आणि तिथल्या सोमाली लोकांच्या बैठकीच्या जागांमध्ये, मफ्रिशमध्ये, संध्याकाळी संपायच्या.

आता पहिलं काम, समितीची शिफारस तिच्याच शब्दांत वाचा. ब्रिटनमध्ये 1971 च्या कायद्यानं अमली पदार्थांवर सल्ला द्यायला तज्ज्ञांची एक परिषद नेमलीय, तीच ही समिती. जानेवारी 2013 मध्ये तिनं सांगितलं की खातवर बंदी नको, त्यामुळे समाजाचं नुकसान होतं याला भक्कम पुरावा नाही. इथे नीट थांबा. 'पुरावा नाही' म्हणजे 'अपाय नाही' असं नव्हे, यकृताच्या तक्रारींचा उल्लेख त्यांच्याच अहवालात आहे. बंदीच्या बाजूचे लोक आणि विरोधातले लोक, दोघंही नेमकं हेच वाक्य स्वतःच्या सोयीनं वाचतात, तुम्ही तसं करू नका.

मग मंत्र्याचं निवेदन शेजारी ठेवा. गृहमंत्री थेरेसा मे यांनी जुलै 2013 मध्ये बंदी जाहीर केली, 24 जून 2014 पासून ती लागू झाली. वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे समिती काय म्हणाली आणि उजवीकडे मंत्री काय म्हणाल्या. म्हणजे दिसतं की मुख्य कारण तब्येतीचं नव्हतंच, नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांनी बंदी घातलीय तर ब्रिटन चोरट्या व्यापाराचा अड्डा होईल ही भीती होती, शिवाय समितीनं समाजावरचे परिणाम कमी धरले असतील असंही त्यांचं म्हणणं. मंत्र्याला सल्ला घ्यावा लागतो, पाळावाच लागतो असं नाही, त्यामुळे हे कायद्यात बसतं. पण माझं मत स्पष्ट आहे, कारण व्यापाराचं असेल तर ते व्यापाराचं म्हणूनच लोकांपुढे ठेवावं.

मागचा इतिहासही चाळा. याच परिषदेनं 2005 मध्येही बंदी नको म्हटलं होतं आणि तेव्हा सरकारनं ऐकलं होतं. 2009 मध्ये गांजाच्या वर्गवारीवर सरकारशी मतभेद झाल्यावर परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड नट यांना गृहमंत्री अॅलन जॉन्सन यांनी काढून टाकलं. नोव्हेंबर 2013 मध्ये तर खासदारांच्या गृह कामकाज समितीनंही खातबंदी नको म्हटलं, तरी झालीच.

शेवटी शिक्षा कुणाला ते बघा. पहिल्यांदा सापडला तर ताकीद, दुसऱ्यांदा 60 पौंड दंड, नंतर अटक, आणि विकणाऱ्याला जास्तीत जास्त 14 वर्षं. भार पडला तो मुख्यतः सोमाली, येमेनी समाजावर आणि तिकडे मेरूच्या शेतकऱ्यांवर.

आपल्याकडे असं काही झालं तर माहिती अधिकार आहे. 2005 च्या कायद्याचं कलम 4(1)(ग) आणि (घ) बघा, लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयामागची तथ्यं आणि कारणं सरकारनं स्वतःहून द्यायची आहेत. नाही दिली तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये भरून अर्ज करा, पण 'बंदी का घातली' असं विचारू नका, त्याला गोलमोल उत्तर येतं. तज्ज्ञ समितीच्या अहवालाची प्रत, त्यावरच्या नस्तीतल्या, म्हणजे सरकारी फायलीतल्या, टिपण्या आणि अंतिम आदेशाची प्रत, असं नाव घेऊन मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील टाका.