रॅलीचं इंजिन बनवायचंय? आधी रिबोरिंगच्या दुकानात उभा रहा

जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात की दादा रॅली रेसच्या गाड्यांचं इंजिन काम शिकायचंय, पुण्याला जाऊ का कोइम्बतूरला. जा ना भो, पण त्याआधी एक वर्ष आपल्याच गावात काढ, जिथं ट्रॅक्टरचे आन केळीच्या ट्रकचे ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) बोअरला येतात, म्हणजे झिजलेली सिलिंडरं कोरून नीट करतात, त्या दुकानात. रॅलीचं इंजिन बऱ्याचदा कंपनीचंच असतं, नियमात बदलायला फार मोकळीक नसते, मग सगळा खेळ मापावर येतो.

आयटीआयला सगळे मोटर मेकॅनिक घेतात, 2 वर्षांचा ट्रेड, चांगलाय. मला विचारशील तर मशिनिस्ट नाहीतर टर्नर घे, तोही 2 वर्षांचाच. इंजिन खोलणं कुठल्याही गॅरेजात शिकशील, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) हातात बसायला मात्र टाइम लागतो.

आता रिंग गॅपचंच बघ, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. मारुती जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 74 मिमी. नवी रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टन उलटा धरून तिला खाली ढकलायची म्हणजे ती वाकडी बसत नाही, मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दोन टोकांमधली फट बघायची. मोटा हिशोब बोअरच्या दर मिमीला 0.004, म्हणजे इथं 0.30 मिमीच्या आसपास, टर्बोला (हवा दाबून भरणाऱ्या इंजिनला) अजून जास्त. मी शिकत होतो तिथं "रिंगा डब्यातल्या नव्या आहेत, मोजायच्या कशाला" म्हणून तशाच टाकल्या, मे महिन्यात भुसावळ रोडला गाडी ताणली आन रिंगची टोकं तापून एकमेकाला भिडली, पिस्टन फुटला, नव्या बोअरवर उभ्या रेघा. त्या रेघांवरून नख फिरवलं होतं मी, अजून आठवतं. त्या दिवसापासून वही ठेवली, सिलिंडरचा नंबर, बोअर वर-मध्ये-खाली किती, रिंग गॅप, बेअरिंगचा क्लिअरन्स (मोकळी फट), बोल्टला तेल लावून टॉर्क दिला (मोजून आवळला) का कोरडाच, कारण तेवढ्यानं पण बोल्टची पकड बदलते.

ट्युनिंग त्यानंतर. लॅपटॉप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा), डायनो (पॉवर मोजायचं मशीन). यूट्यूब बघून नुसता टॉप-एंड पॉवरच्या, म्हणजे वरच्या आरपीएमच्या ताकदीच्या, मागं लागू नको. रॅली2 (रॅलीतला एक वर्ग) गाडीच्या टर्बोच्या तोंडाला 32 मिमीचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद भोक, असतो, त्यात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की वरती आरपीएम कितीही वाढव, हवा काही वाढत नाही, म्हणून कमी आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क (ओढ) कमवावा लागतो. आन आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात नॉक (पेट्रोल चुकीचं पेटल्याचा खटखट आवाज) ऐकायला शिक, हवा तापली की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती मागं घ्यावं लागतं ते इथं जेवढं कळतं तेवढं थंड गावात कळत नाही.

इंजिनिअरिंगला असशील तर बाजा एसएईइंडियाच्या टीममध्ये घुसच, कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा, 2007 पासून चालूये, पिथमपूरला बरेच वर्षं व्हायची, धुळ्याहून सरळ आग्रा रोडनं. नाहीतर कोइम्बतूर, चेन्नईकडच्या टीमला हेल्पर म्हणून जा. पगार सुरुवातीला थोडाच मिळतो आन सर्व्हिस पार्कात (रॅली चालू असताना गाड्या दुरुस्त करायची जागा) घड्याळ लावून काम असतं, धुळीनं भरलेला फिल्टर बदलण्यापासून सुरुवात होईल, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

विचारायला जाशील तेव्हा सर्टिफिकेटसोबत ती मापाची वही ने. समोरचा खरा इंजिनवाला असला तर आधी वहीच मागेल.