क्यूएमूमध्ये चालतं, खऱ्या मशीनवर काळा पडदा

स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आहे आणि क्यूएमूमध्ये (संगणकाच्या आत नकली संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिली ओळ उमटली आहे, असं धरून लिहिते. ५१२ बाइट्सचा बूट सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत आधी वाचला जाणारा तुकडा), त्याचे शेवटचे बाइट्स ५५ आणि एए, तो मेमरीत उतरतो तो पत्ता ७सी०० (आकडे हेक्समध्ये), हे कुठेही सापडेल.

माझे तीन आठवडे वेगळ्याच ठिकाणी गेले. क्यूएमूमध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दर वेळी नीट चालायचा. पेनड्राइव्हवरून खऱ्या मशीनवर लावला की काळा पडदा. ना अक्षर, ना रीबूट. मी पेनड्राइव्ह बदलले, बायोसच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या, बूटलोडर (कर्नल मेमरीत उतरवणारा छोटा प्रोग्राम) दोनदा नव्याने लिहिला. रडूही आलं.

दोष एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होता. पडद्यावरची पुढची ओळ कितवी, हे त्यात राहायचं. सुरुवातीची किंमत मी दिली नव्हती, कारण सीमध्ये अशी व्हेरिएबल्स शून्यच असतात. पण ती शून्य कुणीतरी करावी लागतात! ती बीएसएस या, सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबल्सच्या, विभागात जातात आणि मी बनवलेल्या सपाट बायनरीत (नुसत्या बाइट्सच्या फाइलमध्ये) त्या विभागाचा एकही बाइट नसतो. नेहमीच्या प्रोग्रामला ती जागा ऑपरेटिंग सिस्टिम पुसून देते. ईएलएफ (विभागांची माहिती सोबत ठेवणाऱ्या फाइल-प्रकारातला) कर्नल ग्रब या तयार बूटलोडरने लोड केला तर ग्रब पुसून देतो. माझा बूटलोडर फाइल तेवढी मेमरीत उतरवून मोकळा व्हायचा.

मग क्यूएमूमध्ये कसं चालायचं? लिनक्सच्या लेखी क्यूएमू ही एक साधी प्रोसेस. आतल्या मशीनची रॅम ती लिनक्सकडूनच मागून घेते, आणि एका प्रोसेसचा डेटा दुसरीला दिसू नये म्हणून लिनक्स मेमरीचं प्रत्येक नवं पान (तुकडा) शून्य करूनच देतं. माझी चूक खालची सिस्टिम झाकत होती. खऱ्या रॅममध्ये फर्मवेअरने मागे सोडलेलं काहीही असतं. माझा ओळीचा आकडा २५ च्या कितीतरी पुढे गेला होता. अक्षरं लिहिली जात होती, पण मेमरीत बी८००० या पत्त्यापासून सुरू होणाऱ्या ८० बाय २५ अक्षरांच्या पडद्याबाहेर.

लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रामचे विभाग मेमरीत कुठे बसतील ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) बीएसएसच्या सुरुवातीला आणि शेवटाला नावं द्या, आणि सीचं पहिलं फंक्शन बोलावण्याआधी असेंब्लीत तो पट्टा शून्याने भरा. चार-पाच ओळींचं काम आहे. शिवाय मी आता कर्नल उतरवण्याआधी ती सगळी जागा मुद्दाम एए या बाइटने भरते. चूक असेल तर क्यूएमूमध्येच उघडी पडते.

एक सीनियर मला म्हणाले होते, "अगं, ग्रब लाव आणि पुढे जा." नोकरीत मीही तेच करेन. शिकताना मात्र बूटलोडर एकदा तरी स्वतः लिहा. दुसऱ्याचा न समजता चिकटवलात तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडाल, हे स्पष्टच सांगते. केव्हीएमचीही (क्यूएमूला वेग देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) घाई नको. त्यात कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर पळतो, वेग मिळतो, पण ट्रिपल फॉल्टच्या (चुकीवर चूक होऊन मशीन रीसेट होण्याच्या) आधी काय घडलं याचा क्यूएमूचा इंटरप्ट लॉग मिळत नाही. सुरुवातीला निव्वळ इम्युलेशनच बरं.

आणि दुसऱ्या सिस्टिमचा आधार घेतला म्हणून कमीपणा मानू नका. १९६९ मध्ये पीडीपी-७ या संगणकावरच्या युनिक्सचा सुरुवातीचा कोड गेकॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर असेंबल करून कागदी फितीवरून नेला जायचा. १९९१ मध्ये लिनक्सही मिनिक्स या दुसऱ्या सिस्टिमवरच घडलं. तुम्हालाही जमेल. फक्त काळा पडदा दिसला की पेनड्राइव्हला हात लावण्याआधी लिंकरची मॅप फाइल (कोणता विभाग कोणत्या पत्त्यावर गेला त्याची यादी) उघडा आणि बीएसएस कुठून कुठपर्यंत आहे ते बघा.