मेंदूचा क्षयरोग : एचआयव्हीबाधित रुग्णाच्या घरच्यांनी काय पाहावे, काय करावे

एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटल्या की शरीरात वर्षानुवर्षे दबून असलेला क्षयरोगाचा जिवाणू पुन्हा उचल खातो आणि मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचू शकतो. हा मेंदूज्वर सहसा एका रात्रीत येत नाही. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या चालू राहतात, आणि घरचे त्याला पित्त समजून बसतात. म्हणून तापाइतकेच वागण्याकडेही लक्ष द्यावे. शांत माणूस विनाकारण चिडू लागला, शर्टाची बटणे वर-खाली लावू लागला, एकाचे दोन दिसतात म्हणू लागला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली, तर १०८ला फोन करावा. सोबत एआरटीचे (एचआयव्हीवरील औषधोपचाराचे) कार्ड आणि चालू गोळ्या न्याव्यात. एचआयव्हीची गोष्ट डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये.

पाठीतले पाणी काढायचे म्हटले की नातेवाईक घाबरतात, माणूस लुळा पडेल म्हणतात. ही भीती निराधार आहे, कारण मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घातली जाते. मेंदूवर दाब असल्याची शंका असेल, तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात. त्या पाण्यातील पेशी, प्रथिने आणि साखर पाहतात, सीबीनॅट (क्षयरोगाच्या जिवाणूची जनुकीय चाचणी) करतात. क्रिप्टोकॉकस या बुरशीचीही तपासणी करून घ्यावी, कारण तिची लक्षणे अगदी अशीच असतात. सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षयरोग नाही असे ठरत नाही, आणि लक्षणांवरून डॉक्टरांनी उपचार सुरू केले तर अडवू नये.

पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे कमी औषधे, असा उपचार एकूण ९ ते १२ महिने चालतो. सोबतचे, दाह कमी करणारे स्टेरॉइड हळूहळूच कमी करायचे असते. बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करू नये. डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधूक झाली, तर लगेच कळवावे.

एआरटी आधीपासून चालू असेल तर ती मनाने थांबवू नये. नव्याने सुरू करायची असेल तर ती बहुधा क्षयरोगाचे उपचार सुरू झाल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी देतात. हा हलगर्जीपणा नव्हे. घाईने दिल्यास सावरणारी प्रतिकारशक्ती मेंदूतच दाह वाढवू शकते. रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे डोल्युटेग्रॅविर या एआरटीतील औषधाचा प्रभाव घटतो, त्यामुळे त्याची जादा गोळी १२ तासांच्या अंतराने देतात. एआरटी सुरू झाल्यावर डोकेदुखी पुन्हा उफाळली, तरी कोणतीही गोळी न थांबवता रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.