1912 ची युद्धनौका, वागळे इस्टेटच्या हिशोबाने

तोफा शेवटी काढायच्या. काल्पनिक ब्रिटिश युद्धनौका रेखाटायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, काढतो, मग त्यांच्याखाली जहाज सरकवतो आणि ते जहाज कागदावरच बुडतं. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये एस्टिमेशन बघते. आमच्याकडे टाकी असो की प्रेशर व्हेसल, आधी किलो निघतात, मग बाकीच्या गप्पा. युद्धनौकेलाही मी तोच नियम लावते. स्प्रिंगशार्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, माझा भाचा तेच वापरतो. पण पहिलं जहाज तरी हाताने करा, नाहीतर आकडा कुठून आला ते कळत नाही.

सुरुवातीला ऑर्डर लिहून काढा, आणि काय सोडणार तेही त्यातच लिहा. माझी ऑर्डर अशी: साल 1912. इंधन कोळसा, कारण अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीतला मोठा हिस्सा ब्रिटिश सरकारने घेतला 1914 मध्ये. त्याआधी तेलावर भिस्त ठेवायला माझं नौदलमंडळ तयार नाही. 15 इंची तोफा 8. वेग 23 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). नेहमीच्या भारासह वजन 26,500 टन. रुंदी 90 फुटांच्या आत, कारण त्यापुढे ब्रिटनमधल्या बऱ्याच सुक्या गोद्यांत जहाज शिरतच नाही. सोडलं काय, तर 25 नॉटचा मोह.

आता तक्ता. या काळातल्या ब्रिटिश डिझाइनमध्ये वजनांचा असा अधिकृत कागदच असायचा. त्याच काळातल्या 'क्वीन एलिझाबेथ' या खऱ्या युद्धनौकेचं वजन 27,500 टन धरलं होतं. त्यात सांगाडा साधारण एक तृतीयांश, चिलखत त्याच्या जरासं खाली, तोफा आणि दारूगोळा सहावा हिस्सा, यंत्रं सातवा. हे प्रमाण नमुना म्हणून घ्या आणि आपल्या जहाजापुरतं हलवा.

चिलखताला मात्र अंदाज चालत नाही, तिथे क्षेत्रफळ काढा. जाडी मिलिमीटरमध्ये गुणिले 7.85, की चौरस मीटरला किलो मिळाले. शॉपमध्ये हे शिकाऊ पोरालाही पाठ असतं. 12 इंच म्हणजे 305 मिमी, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ 2.4 टन. बेल्ट, म्हणजे जहाजाच्या कडेचा चिलखती पट्टा, 100 मीटर लांब, साडेतीन मीटर उंच, दोन्ही बाजू धरून 700 चौरस मीटर: सुमारे 1,675 टन. (इंग्रजी टन आपल्या टनापेक्षा 16 किलोंनी जड असतो. या टप्प्यावर सोडून द्या.) बेल्ट एक इंचाने जाड केला तर 140 टन वाढतात. आता तोच एक इंच डेकवर टाका. 100 मीटर गुणिले 27 मीटर, 2,700 चौरस मीटर, जवळजवळ 540 टन! आणि तेही उंचावर, म्हणजे स्थैर्याला बाधक. त्या काळातली डेक इतकी पातळ का, याचं निम्मं उत्तर या एका गुणाकारात आहे.

चिलखत कमी करून वेग घ्यायचा मार्ग ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल फिशरचा. नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला घेऊन 'रिनाउन' मुंबईला आली. 15 इंची 6 तोफा, वेग 30 नॉटच्या वर, आणि मूळ बेल्ट फक्त 6 इंच. देखणं जहाज, पण मी असलं कोटेशन सही करून देणार नाही.

वेगाचा हिशोब वरवर सोपा दिसतो. आपल्याशी मिळतंजुळतं खरं जहाज घ्या: ब्रिटिश युद्धनौका 'ओरायन', 22,000 टन, 27,000 अश्वशक्ती, 21 नॉट. शक्ती वेगाच्या घनाने वाढते, वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने. माझ्या 23 नॉटला 40,000 येतात. मी 44,000 धरते. हाच हिशोब 'क्वीन एलिझाबेथ'च्या 25 नॉटला लावला तर 53,000 च्या आसपास उत्तर येतं. प्रत्यक्षात तिला 75,000 अश्वशक्ती दिली होती. फरक लाटांचा आहे. नॉटमधल्या वेगाला फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाने भागा. 'ओरायन'ला 0.9 येतो. 600 फुटांच्या जहाजाला 25 नॉटवर 1.02, आणि 1 च्या आसपास पोचलं की जहाजाने स्वतःच उठवलेल्या लाटा शक्ती गिळायला लागतात. लांबी तेवढीच ठेवली तर माझ्या जहाजाला 0.94 येतो, म्हणून मी निवांत आहे. (एवढ्या लांबीचा अंदाज हवा असेल तर ठाणे स्टेशनवर बारा डब्यांची लोकल बघा, हे जहाज तिच्या नऊ डब्यांत बसतं.)

कोळशावर 25 नॉट का नको, तेही इथेच कळतं. कोळशावरच्या 'लायन' या ब्रिटिश जहाजाला 70,000 अश्वशक्तीसाठी 42 बॉयलर होते, तेलावरच्या 'क्वीन एलिझाबेथ'ला 75,000 साठी 24. बॉयलर वाढले की बॉयलररूम लांबते, आणि तिला झाकणारा बेल्टही. बेल्टच्या दर मीटरला दोन्ही बाजू मिळून 17 टन. शिवाय कोळसा ओढणारी माणसं, त्यांच्या झोपायच्या जागा, त्यांचं पाणी.

आता तोफा काढा. 15 इंची जोडटरेटचा (दोन तोफांच्या टरेटचा) फिरणारा भागच साधारण 770 टन असतो. चारही टरेट मध्यरेषेवर ठेवा, दोन पुढे, दोन मागे. 'ड्रेडनॉट'च्या 10 तोफांपैकी एका बाजूला 8 च वळत, कारण दोन टरेट कडेला होते. पाचव्या टरेटचा हट्ट नको. पाच टरेटांतल्या 13.5 इंची 10 तोफांचे 1,400 पौंडी गोळे मिळून 14,000 पौंड, 15 इंची आठांचे 1,920 पौंडी गोळे मिळून 15,360. एक टरेट कमी करूनही मारा जड. डोलकाठी धुरांड्याच्या पुढे उभी करा. 'ड्रेडनॉट' आणि 'ओरायन'वर ती मागे होती, आणि वर बसलेल्या निरीक्षकाच्या तोंडावर धूर यायचा.

टरेटचा उभा छेद स्वतंत्र कागदावर काढा. वरून दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत आग कुठून उतरेल तो रस्ता लाल पेन्सिलीने आखा आणि प्रत्येक मजल्यावर झडप दाखवा. जटलंडच्या ब्रिटिश-जर्मन नौदल लढाईत, 31 मे 1916 रोजी, ब्रिटिशांच्या 'इनडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इनव्हिन्सिबल' स्फोट होऊन फुटल्या. बेल्ट पातळ होता हे खरं, पण उघडी ठेवलेली दारं आणि बाहेर रचलेलं कॉर्डाइट (तोफेची दारू) मला जास्त दोषी वाटतं. झडपांचं वजन किरकोळ असतं; ते वाचवू नका.

शेवटी बेरीज. माझी अशी आली: सांगाडा 8,800, चिलखत 8,000, तोफा 4,500, यंत्रं 3,400, कोळसा 1,000, साहित्य 750, आणि 100 टन बोर्ड मार्जिन. हे मार्जिन म्हणजे बांधकाम चालू असताना वरिष्ठांच्या डोक्यात येणाऱ्या कल्पनांसाठी राखलेलं वजन. त्याला हात लावायचा नाही, आमच्या शॉपमध्येही कोणी लावत नाही. एकूण 26,550, म्हणजे 50 टन जास्त. बेल्ट खरवडण्याआधी मी बाजूच्या लहान, 6 इंची तोफांकडे वळले. 'क्वीन एलिझाबेथ'च्या मागच्या बाजूच्या 4 तोफा पाण्याच्या इतक्या जवळ होत्या की लाटांत निरुपयोगी ठरल्या आणि काढाव्या लागल्या. माझ्या आराखड्यातल्या त्याच जागच्या चारही मी खोडल्या. माउंट आणि गोळे धरून 50 टन निघाले.